सॉफ्टवेअर विकल्यानंतर

गेल्या डिसेंबरात आमच्या पीपलरावां येथील शाळेत सहामाही परीक्षेचे निकाल तयार होत होते. नाताळच्या सुट्टीस अवघे काही दिवस उरले होते. गुणपत्रिका छापण्यास घेतल्या, तो प्रत्येक पत्रिकेवर मुलाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे, उभ्या रेघा आणि अर्धविराम यांची विलक्षण खिचडी उमटली. आकडे जागच्या जागी होते. परंतु ते कोणाचे, हे वाचता येईना. आदल्या रात्री त्या सॉफ्टवेअरने कोणास न विचारता आपली नवी आवृत्ती स्वतःच उतरवून घेतली होती, एवढे मात्र आम्हांस समजले. हे सॉफ्टवेअर एका फार मोठ्या कंपनीचे आहे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पुढे जी हकीकत येणार आहे ती आपल्यापैकी पुष्कळांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या दारी अनुभवलेली असेल.

पीपलरावां हे देवास जिल्ह्याच्या सोनकच्छ तहसिलीतील लहानसे गाव आहे. माळव्याची काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू. ट्रॅक्टर बिघडला तर मिस्त्री येथे मिळतो, पंप जळाला तर मोटार बांधून देणारा मिळतो. परंतु ज्याने आमचे सॉफ्टवेअर लिहिले त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता येथून निघत नाही. म्हणून आम्ही मदतीचा दूरध्वनी लावला. प्रथम एका ध्वनिमुद्रित आवाजाने भाषा निवडावयास सांगितली, मग खाते क्रमांक विचारला, मग जुने ग्राहक असल्यास एक आणि नवी खरेदी करावयाची असल्यास दोन दाबण्याची सूचना दिली. दोन दाबणाऱ्यास माणूस तत्काळ भेटतो, हे मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून पाहिले. एक दाबणाऱ्यास संगीत ऐकावे लागते.

सुमारे पस्तीस मिनिटांनी एक तरुण बोलू लागला. तो अत्यंत नम्र होता. त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावयास सांगितले, इंटरनेटची जोडणी तपासावयास सांगितली, सॉफ्टवेअर काढून नव्याने घालावयास सांगितले. हे सर्व आम्ही आधीच करून बसलो होतो. परंतु त्याच्यासमोर जो कागद होता त्यातील एकही ओळ त्याला गाळता येत नव्हती. शेवटी तो म्हणाला की, अक्षरांचा फॉन्ट आमच्या कंपनीचा नाही, तेव्हा तो ज्यांचा आहे त्यांना विचारावे. किंवा दोष छापणाऱ्या यंत्राचा असेल.

देवासकडच्या माणसांना हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एक, टेकडीवरची देवी एक, पण राजे दोन आणि कारभार दोन. 1948 मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि तो विषय संपला. सॉफ्टवेअरच्या जगात पात्या दोनच नाहीत. यंत्र एका कंपनीचे, मूळ प्रणाली दुसरीची, निकालाचे सॉफ्टवेअर तिसरीचे, फॉन्ट चौथ्याचा आणि इंटरनेट पाचव्याचे. बिघाड नेहमी शेजारच्या हद्दीत झालेला असतो, आणि या पात्यांचे विलीनीकरण करणारा कोणी नाही.

तक्रारीची नोंद झाली. तिला ‘तिकीट’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी ईमेल आला की, पडद्याचे छायाचित्र पाठवावे. पाठविले. तिसऱ्या दिवशी वेगळ्याच गृहस्थांचा ईमेल आला आणि त्यांनी पहिल्यापासून सर्व प्रश्न पुन्हा विचारले. मध्ये रविवार आला, आणि सोमवारी दुरुस्तीसाठी गावाची वीज दिवसभर बंद राहिली. मंगळवारी सकाळी पाहतो तो पत्र आलेले : आपल्याकडून 48 तासांत उत्तर न आल्यामुळे हे तिकीट बंद करण्यात येत आहे.

आमचा रोग अखेर एमपी ऑनलाइनचे केंद्र चालविणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने अर्ध्या तासात ओळखला. तो रोग येथे थोडा समजावून सांगितला पाहिजे. संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. देवनागरीचे सर्वमान्य क्रमांक जेव्हा रूढ नव्हते, तेव्हा कृतिदेवसारख्या फॉन्टांनी एक युक्ती काढली. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीची चित्रे बसविली. ‘डी’ हे इंग्रजी अक्षर दाबले की पडद्यावर ‘क’ दिसे. यंत्राच्या पोटात मात्र ‘डी’च साठविलेला असे. पुढे 1991 मध्ये युनिकोड नावाची जागतिक क्रमांकपद्धती प्रसिद्ध झाली आणि तीत ‘क’ला स्वतःचा 2325 हा क्रमांक मिळाला. तरीही मध्य प्रदेशातील कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या वर्गांत कृतिदेव इतका रुळला आहे की, तो अजून सुटत नाही. आमच्या शाळेने मुलांची नावे त्यातच भरली होती. नव्या आवृत्तीने तो फॉन्ट बाजूस सारून स्वतःचा लावला, आणि वर्षानुवर्षे मुखवट्यामागे असलेली इंग्रजी अक्षरे उघडी पडली. आमच्या त्या विद्यार्थ्याने सर्व नावे बाहेर काढली, युनिकोडमध्ये बदलली व परत भरली. दोनशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून.

कंपनीजवळ नसलेली कोणती विद्या त्याच्याजवळ होती? यंत्रविद्या म्हणाल तर नव्हती. कृतिदेव काय आहे आणि माळव्यातील शाळेत तो का असतो, एवढेच त्याला ठाऊक होते. दूरध्वनीवरील तरुणाने ते नाव बहुधा ऐकलेलेही नव्हते, आणि त्याच्या कागदात ते छापलेले नव्हते.

ही स्थिती नेहमीच अशी नव्हती. संगणकाच्या आरंभीच्या काळात आयबीएमसारख्या कंपन्या आपली मोठी यंत्रे बहुशः भाड्याने देत. त्या भाड्यातच सॉफ्टवेअर, शिक्षण आणि इंजिनिअरची मदत येई. यंत्र बंद पडले तर घोर ग्राहकाला लागे तसा मालकालाही लागे. कारण यंत्र मालकाचे असे आणि समाधान न झालेला ग्राहक ते परत नेण्यास सांगू शके. 23 जून 1969 रोजी आयबीएमने जाहीर केले की, यापुढे सॉफ्टवेअर व काही सेवा यांची किंमत निराळी आकारली जाईल. या एका निर्णयाने सॉफ्टवेअर विकण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. ते चांगलेच झाले. परंतु मदत ही किंमत लावून तोलण्याची वस्तू आहे, ही कल्पनाही तेव्हापासून रुजली.

त्यानंतरही काही काळ मदतीचा अभिमान बाळगणाऱ्या कंपन्या होत्या. अमेरिकेत युटा राज्यातील ओरेम या गावी वर्डपर्फेक्ट नावाचे लेखनाचे सॉफ्टवेअर तयार होई. 1980 नंतरच्या दशकात ते फार खपले, आणि त्याच्या लौकिकाचे एक मोठे कारण असे की, ग्राहकाने केव्हाही विनामूल्य दूरध्वनी करावा व जाणत्या माणसाशी बोलावे. रांग लांबली तर थांबलेल्यांची करमणूक करण्यासाठी कंपनीने निवेदक नेमले होते. ते गाणी लावीत आणि आपला क्रमांक येण्यास किती वेळ लागेल हे सांगत. आकाशवाणीच्या श्रोत्यांना ही योजना आवडेल. किमान त्या संगीतामागे एक जिवंत माणूस बसलेला असे.

मग हे बिघडले कशामुळे? सॉफ्टवेअर ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. पहिली प्रत तयार करण्यास अपार खर्च येतो. दुसऱ्या प्रतीला आणि दहा लाखाव्या प्रतीला जवळजवळ काहीच येत नाही. ग्राहकाचे शंकानिरसन मात्र तसे नाही. हजाराव्या ग्राहकाला समजावून सांगण्यास पहिल्याइतकाच वेळ, म्हणजे माणसाच्या आयुष्याची तेवढीच मिनिटे खर्च होतात. म्हणून ग्राहक लाखांनी वाढले की, हिशेबनिसाच्या डोळ्यांत खुपणारा खर्च एकच उरतो, तो म्हणजे दूरध्वनी उचलणारा माणूस. त्याला कमी पगाराच्या ठिकाणी हलविले जाते, मग त्याच्या हाती छापील प्रश्नोत्तरे दिली जातात, मग त्याच्या जागी लेखी उत्तरे देणारे यंत्र बसविले जाते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी काही वर्षे अशा मदतकेंद्रात नोकरीस होती. तिच्या सांगण्यावरून एक गोष्ट मला कळली. तेथे काम करणाऱ्याची परीक्षा ग्राहकाचा प्रश्न सुटला की नाही यापेक्षा संभाषण किती मिनिटांत आटोपले यावरून होते. अवघड प्रश्न आला की, तो वरच्या पातळीकडे पाठवावा, परंतु फार पाठविले तर तेही नावावर लागते. मी दूरध्वनीवरील तरुणावर रागावलो होतो. ही हकीकत आठवली तेव्हा शरमलो. ज्याला उत्तर ठाऊक आहे आणि ज्याला प्रश्न पडला आहे, त्या दोघांच्या मध्ये उभे राहण्यासाठीच त्याला पगार मिळतो.

भाड्याची पद्धत अलीकडे परत आली, हा या कथेतील सर्वांत नवलाचा भाग होय. 2013 मध्ये अडोबी कंपनीने जाहीर केले की, चित्रे व मांडणी यांच्या तिच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे कायमच्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापराव्या लागतील. इतर पुष्कळ कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. भाडे आले तर जुना इंजिनिअरही येईल, असे वाटणे स्वाभाविक होते. तो आला नाही. कारण जुन्या काळी असंतुष्ट ग्राहक यंत्र परत करी. आज त्याची सर्व कागदपत्रे, हिशेब आणि नावनिशी त्या सॉफ्टवेअरच्याच पोटात असतात. घर सोडावयाचे तर सामान घरमालकाच्या कुलपात, अशी ही भाडेकरूची अवस्था आहे.

मोठ्या ग्राहकांचीही यातून सुटका नाही. कारखान्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॅप या जर्मन कंपनीने 2008 मध्ये देखभालीचा वार्षिक आकार मूळ किमतीच्या 17 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 22 टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. 22 टक्के म्हणजे साधारण साडेचार वर्षांत मूळ किमतीइतकी रक्कम पुन्हा भरणे. ग्राहकांच्या संघटना बिथरल्या. अधिक पैसे घेता त्याच्या मोबदल्यात अधिक काय देता, हा त्यांचा प्रश्न होता. 2010 च्या जानेवारीत कंपनीला साध्या देखभालीचा पर्याय पुन्हा द्यावा लागला. संघटना होती म्हणून हे घडले. पीपलरावांची शाळा, सोनकच्छचा आडत्या आणि देवासचा दवाखाना यांची संघटना कोठे आहे?

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते, कारण तो आमच्या उंबरठ्यापर्यंत येऊन गेला. खरा क्रमांक लागेना तेव्हा आमच्या बडे बाबूंनी इंटरनेटवर त्या कंपनीच्या मदतकेंद्राचा क्रमांक शोधला. एक सापडला. पहिल्याच घंटेला माणूस बोलला, शुद्ध आणि गोड बोलला, आणि म्हणाला की, मी सांगतो ते एक लहानसे सॉफ्टवेअर उतरवून घ्या म्हणजे तुमचा पडदा मला येथून दिसेल. बाबू सुज्ञ, म्हणून थांबले. अशा भामट्यांना एकदा पडदा दिसला की, बँकेचे व्यवहारही दिसतात. खऱ्या कंपनीने दार लावून घेतले की, बाहेर खोटे दार उघडून कोणीतरी बसतो, आणि त्याची तत्परता हेच त्याचे भांडवल असते. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवावे. कंपनीचा क्रमांक मात्र पावतीवरून किंवा तिच्या मूळ कागदांवरूनच घ्यावा.

यंत्राने उत्तरे देण्याच्या नव्या रीतीविषयी थोडक्यातच सांगतो. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या उत्तर देणाऱ्या यंत्राने एका प्रवाशाला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, आणि कंपनीने ती नाकारली. 2024 च्या फेब्रुवारीत तेथील न्यायाधिकरणाने निर्णय दिला की, यंत्र बोलले तरी ते कंपनीचेच बोलणे होय, आणि भरपाई देवविली. त्याच वर्षी 19 जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष सुधारणा जगभर पसरली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख यंत्रे बंद पडली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन लोक विमानात बसले. पुष्कळ ठिकाणी ती यंत्रे पुन्हा उभी करण्यास दूरची सूचना उपयोगी पडली नाही. माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले.

माणूस यंत्रापाशी जाऊन बसतो, ही विद्या आपल्या देशात एकदा मोठ्या कसोटीला उतरली होती. 1973 च्या विदेशी चलन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना आपल्या येथील शाखांतील भागभांडवल 40 टक्क्यांवर आणावे लागणार होते. आयबीएमला ते मान्य झाले नाही आणि 1978 मध्ये तिने भारतातील कारभार आवरला. तिची यंत्रे देशभर ठिकठिकाणी काम करीत होती. ती आता कोण सांभाळणार? सरकारने 1975 मध्ये कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे पुढे सीएमसी या नावाने ओळखली गेलेली कंपनी, स्थापन करून ठेवली होती. तिने ती यंत्रे पत्करली. यंत्र कोणत्या बनावटीचे आहे हे न पाहता ते चालू ठेवणे, हाच तिचा धंदा होता. म्हणजे सर्व पात्यांचा कारभार एकाच कचेरीत! ज्यांनी यंत्र बनविले नव्हते त्यांनी ते चालविले. आणि दुरुस्ती करता करता त्यांच्या हाती इतकी जाण आली की, 1980 नंतरच्या दशकात दिल्लीला रेल्वेच्या आरक्षणाची संगणक-योजना याच सीएमसीने उभी केली. 2001 मध्ये सरकारने तिचे नियंत्रण टाटांकडे सोपविले व 2015 मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे अधिक कठीण आहे, कारण यंत्राचे झाकण उघडता येते, सॉफ्टवेअरचे येत नाही. ज्याची मूळ रचना सर्वांना पाहण्यास खुली आहे अशा सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. केरळ राज्याने आपल्या शाळांसाठी तो मार्ग धरला. तेथे सरकारी शाळांत लिनक्सवर आधारलेली, मल्याळममधून चालणारी प्रणाली वापरली जाते, तिची जुळवणी राज्याचीच संस्था करते, आणि 2018 पासून ‘लिटल काइट्स’ या नावाची विद्यार्थी मंडळे शाळाशाळांतून काम करीत आहेत. खुल्या सॉफ्टवेअरनेही बिघाड होतात, ते फुकट असते म्हणून निर्दोष असते असे कोणी समजू नये. परंतु तेथे उत्तर जाणणारा माणूस त्याच जिल्ह्यात सापडण्याचा संभव असतो.

हे सर्वांना लगेच जमणार नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला तेव्हा आमच्या शाळेतील यंत्रांपैकी निम्मी त्यापुढची आवृत्ती घेण्यास अपात्र ठरली, आणि तरीही ती टाकून देण्याची ऐपत आम्हांस नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये एक कायदा केला आहे. त्याप्रमाणे 2027 च्या डिसेंबरपासून तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकीय वस्तूंना सामान्यतः किमान पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवाव्या लागतील. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील न्यूनतेविरुद्ध दाद मागता येते व 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. मात्र व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला तो कायदा सहसा लागू पडत नाही, त्यामुळे दुकानदार व आडते यांची अडचण राहतेच.

तेव्हा जे काही विचारावयाचे ते खरेदीपूर्वी विचारावे, कारण तेव्हाच दोन नंबरचे बटण आपल्या हाती असते. आम्ही या वर्षी नवे सॉफ्टवेअर पाहताना विक्रेत्याला विचारले की, आमची सर्व नावनिशी आम्हांला हवी तेव्हा साध्या तक्त्यात बाहेर काढता येईल काय, नवी आवृत्ती आमच्या संमतीवाचून परीक्षेच्या काळात येणार नाही अशी तजवीज आहे काय, आणि देवासला किंवा इंदूरला आपला कोणी माणूस बसतो काय. तिघांपैकी दोघांनी माहितीपत्रके पाठविली. तिसऱ्याने इंदूरच्या माणसाचे नाव व वेळ लिहून दिली. त्याचे सॉफ्टवेअर दिसावयास फारसे देखणे नाही. आम्ही तेच घेतले.

संगणकाच्या खोलीत आता एक दोषवही टांगलेली आहे. नववीची मुले तीत बिघाडाची तारीख, पडद्यावर दिसलेले शब्द आणि उपाय लिहितात. पहिली नोंद अर्थातच कृतिदेवची आहे. जुन्या कंपनीचे एक पत्र मात्र जानेवारीत आले. आपले तिकीट यशस्वीरीत्या निकालात काढल्याचा आनंद व्यक्त करून तिने आमच्याकडे पाचपैकी गुण मागितले होते. गुण देण्याचे काम मला नवे नाही. म्हणून पेन ठेवून मी ते पत्र नीट वाचले. पण त्यात गुणांचा आरंभ एकापासून होता, शून्याचा रकाना ठेवलेला नव्हता.